नैराश्याची गोळी आणि संबंध: माझा अनुभव

सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर मन सावरलं, झोप परतली. पण संबंधांची इच्छाच उरली नाही, आणि जवळ आलोच तर स्खलन होता होत नसे. बायकोला वाटू लागलं, तिच्यातच काही कमी आहे. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

ही गोळी मेंदूत सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवते, आणि त्यानेच कामेच्छा मंदावते, स्खलन लांबतं. इतकं की शीघ्रपतनावर याच गटातलं डॅपॉक्सेटिन देतात.

बायकोला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी आधी साखर, रक्तदाब, थायरॉइड, सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासलं, कारण दोष दरवेळी गोळीचाच नसतो. नैराश्यानेही इच्छा मरते. मग डोस कमी केला, तर उदासी पुन्हा डोकं वर काढू लागली. शेवटी सर्ट्रालीन टप्प्याटप्प्याने उतरवून ब्युप्रोपिऑन हे नैराश्याचंच दुसरं औषध दिलं. ते मुख्यतः डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनांवर काम करतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी. (फिट्स येणाऱ्यांना ते चालत नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं.) हळूहळू इच्छा परतली, मनही स्थिर राहिलं.

गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका: चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं, आजारही उलटू शकतो. मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिलही (ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रा) आणू नका. हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असेल तर तिने रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो. संबंधांतल्या त्रासाबद्दल डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही. बोलायला संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून पुढे करा.