पेप्टाइड सीरम घेताय? आधी बाटली उलटी करा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. क्रीममधलं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) आकाराने इतकं मोठं असतं की ते त्वचेत शिरतच नाही, वरवर ओलावा धरून ठेवतं, बस. पेप्टाइड त्यामानाने चिमुकली. त्यातली काही पेशींना नवं कोलॅजन बनवायचा इशारा देतात.

घेताना पुढच्या बाजूची जाहिरात सोडा आणि मागची घटकांची यादी वाचा. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-4, कॉपर ट्रायपेप्टाइड-1 अशी नेमकी नावं हवीत. ती यादीत खाली, म्हणजे कमी प्रमाणात, दिसली तर लगेच नाक मुरडू नका. पेप्टाइड मुळात अगदी कमी प्रमाणातच वापरतात. फेसवॉशमधल्या पेप्टाइडसाठी जादा पैसे मोजणं मात्र अक्षरशः पैसे पाण्यात घालणं आहे. मिनिटभरात धुऊन जाणारी गोष्ट काय काम करणार?

चेहरा धुतल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावा, वर मॉइश्चरायझर. कॉपर पेप्टाइडचं सीरम निळसर असतं, ते खराब झालंय असं समजून टाकू नका. फक्त ते व्हिटॅमिन सी सीरमसोबत एकाच वेळी लावू नका, कारण तांब्यामुळे व्हिटॅमिन सी लवकर निकामी होतं. सकाळी सी, रात्री कॉपर, मिटला प्रश्न.

परिणाम सावकाश दिसतो, दोन-तीन महिने तरी धरा, आणि तोही बेताचाच. सुरकुत्यांवर रेटिनॉइडचा (व्हिटॅमिन ए गटातल्या घटकांचा) पुरावा जास्त भक्कम आहे. ज्यांना त्याने आग होते, त्यांना पेप्टाइड सोयीचं. आणि बजेट एकाच बाटलीचं असेल तर सरळ सनस्क्रीन घ्या.