पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट उडतोय? आधी पुलीची रेष तपासा

जुन्या शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिनवर सॅगिनॉ बनावटीच्या पॉवर स्टिअरिंग पंपाचा बेल्ट किंचाळत किंवा उडत असेल, तर नवा बेल्ट आणायची घाई नको. इंजिन बंद करून क्रँक पुलीवर (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरची पुली) सरळ पट्टी धरा आणि तिच्या व पंपाच्या पुलीच्या खाचांचे मध्य जुळतात का बघा. कडांवर भरवसा नको, त्यांची जाडी वेगळी असते. दीड-दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर संशय ब्रॅकेटवर (पंप इंजिनला धरून ठेवणारा आधार) घ्या: 1968 पर्यंतच्या बहुतेक मॉडेल्सना आखूड वॉटर पंप होता, 1969 पासून लांब आला, आणि वॉटर पंपाच्या लांबीप्रमाणे वेगळे असणारे दोन्हींचे ब्रॅकेट-पुली सर्रास मिसळलेले सापडतात. दाबून बसवलेली पुली सरकवायला स्क्रूचा इन्स्टॉलरच (स्क्रू फिरवून पुली हळूहळू सरकवणारे हत्यार) वापरा. हातोडी मारलीत की शाफ्ट आत ढकलला जातो आणि पंप बाद होतो.