दहावीच्या इंग्रजी व्याकरणाची उजळणी क्रियापदापासून करावी

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी या तृतीय भाषेची लेखी परीक्षा 80 गुणांची असते. त्यात व्याकरणाच्या थेट प्रश्नांचे गुण थोडे वाटले, तरी पत्र, सारांश, भाषांतर या सगळ्यांतले प्रत्येक वाक्य व्याकरणावरच उभे असते. उजळणीला वेळ कमी असेल, तर माझ्या मते त्यातला निम्मा वेळ केवळ क्रियापदाला द्यावा, कारण काळ, प्रयोग (कर्तरी-कर्मणी) आणि अप्रत्यक्ष कथन (दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात सांगणे) या तिन्हींमधल्या बहुतेक चुका क्रियापदाचे रूप चुकल्यामुळेच होतात.

पहिल्या टप्प्यात अनियमित क्रियापदांची तिन्ही रूपे वहीत लिहून पाठ करावीत. वर्गात ज्यांना व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणतात तीच ही रूपे. गो-वेंट-गॉन, राइट-रोट-रिटन अशी रूपे नुसती वाचून लक्षात राहत नाहीत, ती झाकून लिहावी लागतात. त्यानंतर एकच साधे वाक्य घेऊन ते सगळ्या काळांत फिरवावे. येथे मराठीची सवय आड येते. ‘तो काल आला आहे’ असे आपण सहज बोलतो, म्हणून मुले ‘ही हॅज कम यस्टर्डे’ लिहितात. पण काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये असा संपलेला वेळ वाक्यात आला की इंग्रजीत साधा भूतकाळच येतो, म्हणजे ‘ही केम यस्टर्डे’. तसेच ‘डिड’ आल्यावर क्रियापद मूळ रूपातच राहते. ‘डिड यू वेंट’ हे चूक आणि ‘डिड यू गो’ हे बरोबर.

प्रयोग बदलताना तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. कर्म पुढे आणावे, मूळ क्रियापदाच्या काळातले ‘बी’चे रूप ठेवावे आणि त्यापुढे तिसरे रूप लिहावे. ‘शी इज सिंगिंग अ साँग’ या वाक्यात क्रिया चालू आहे, म्हणून उत्तर ‘अ साँग इज बीइंग संग बाय हर’ असे होते. यातला ‘बीइंग’ गाळला की वाक्य दिसायला शुद्ध राहते, पण काळ बदलतो आणि गुण जातो.

अप्रत्यक्ष कथनात सर्वाधिक गोंधळ प्रश्नार्थक वाक्यांचा होतो. ‘ही सेड टू मी, व्हेअर डू यू लिव्ह?’ हे वाक्य घ्या. ‘सेड टू’च्या जागी ‘आस्क्ड’ येते, ‘डू’ निघून जाते, ‘यू’चा ‘आय’ होतो, क्रियापद भूतकाळात जाते आणि शेवटी प्रश्नचिन्हाऐवजी पूर्णविराम येतो: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ हो-नाही असे उत्तर असलेला प्रश्न असेल, तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घालावे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशा सार्वकालिक सत्याचा काळ मात्र बदलत नाही.

क्वेश्चन टॅगसाठी, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नासाठी, मराठीतला एकच ‘ना’ सगळीकडे चालतो, इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी साहाय्यक क्रियापद शोधावे लागते. वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, आणि उलट. ‘हार्डली’, ‘नेव्हर’ असलेले वाक्य नकारार्थी धरावे. ‘लेट्स’ला ‘शॅल वी’ आणि ‘आय ॲम’ला ‘आरंट आय’ हे पाठच करावे.

‘अ’ आणि ‘ॲन’ची निवड अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते, म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. शब्दयोगी अव्ययांना सरसकट नियम नाही, ती ‘अफ्रेड ऑफ’, ‘गुड ॲट’, ‘डिपेंड ऑन’ अशा जोड्यांनीच लक्षात ठेवावीत.

एवढे झाल्यावर मागील वर्षांच्या कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. उत्तर चुकले की केवळ बरोबर उत्तर उतरवून न थांबता चूक काळाची, क्रमाची की सर्वनामाची होती, ते समासात लिहावे आणि ज्या प्रकारच्या नोंदी जास्त साठतील, त्याच प्रकारची वाक्ये दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवावीत.