मेथोट्रेक्सेट: आठवड्याची गोळी घरी कशी सांभाळावी

रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांधे सुजून आखडणाऱ्या संधिवातात, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे ते रोज घेणं. मग तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, जिवावरही बेततं.

आधी वार ठरवा. सोमवार सोयीचा, गोव्यात बऱ्याच घरांत त्या दिवशी मासळी नसते, त्यामुळे विसर पडत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'दर सोमवारी' असं अक्षरांत लिहून घ्या. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी, बहुधा ५ मिग्रॅ. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्या आणि लहान, म्हणून वेगळ्या डब्यांत, मूळ पाकिटासकट ठेवा. गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारा. पाकीट बदललं तर ताकद वाचा: २.५ च्या तीन गोळ्या म्हणजे ७.५ ची एक. फार्मसीत ७.५ ची मिळाली आणि सवयीने तीन घेतल्या, तर डोस तिप्पट!

सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). पुढे साधारण ३ महिन्यांनी. रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेनुसार लावा. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जाताना ती फाईल आणि सकाळी सांधे किती मिनिटं आखडतात त्याची नोंद न्या. 'बरं आहे' यापेक्षा '४० मिनिटं' कामाचं.

पावसाळ्यात ताप आला तर त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. सेप्ट्रान हे अँटिबायोटिक स्वतःहून नको. फेणीही नको, 'थोडीशी' म्हणूनसुद्धा. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा.