नोट्सचं अ‍ॅप बदलताय? आधी जुन्यातून काय बाहेर येतंय ते बघा, आणि या चुका टाळा

नव्या अ‍ॅपचा व्हिडिओ बघितला की हात शिवशिवायला लागतात, पण डेमो बघून ठरवणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे. डेमोत पाच-दहा नोट्स असतात, त्याही इंग्रजीत, आणि तुमच्याकडे मात्र कित्येक वर्षांचा पसारा असतो, घरभाड्याचे हिशोब, बाबांच्या गोळ्यांची नावं, एमपीएससीचे मुद्दे, आईने फोनवर सांगितलेलं लोणच्याचं प्रमाण. म्हणून माझं म्हणणं एवढंच, बदलायचं की नाही हे जुन्या अ‍ॅपच्या एक्सपोर्टवरून ठरवा. आधी माल बाहेर काढा, उघडून बघा, मग निर्णय घ्या.

घाबरून रातोरात पळणं

एव्हरनोट या नोट्सच्या अ‍ॅपने डिसेंबर २०२३ मधे फुकट प्लॅनवर ५० नोट्स आणि एकच नोटबुक अशी मर्यादा आणली तेव्हा लोकांनी धडाधड गाशा गुंडाळला, खरं तर ज्यांच्याकडे आधीच जास्त नोट्स होत्या त्यांना त्या दिसत होत्या, एडिटही करता येत होत्या, फक्त नवीन भर घालता येत नव्हती. म्हणजे शांतपणे विचार करायला वेळ होता. याउलट कामांच्या याद्यांचं वंडरलिस्ट ६ मे २०२० ला बंदच झालं, लेख नंतर वाचायला साठवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला, तिथे हलण्यावाचून पर्यायच नव्हता. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दर वाढले, मर्यादा आली, तर पंधरा दिवस घ्या. बंद होतंय अशी कंपनीचीच घोषणा आली तर त्याच दिवशी एक्सपोर्ट काढून ठेवा, नवं अ‍ॅप नंतर निवडा.

एक्सपोर्टचं बटण आहे म्हणजे सगळं येतं असं धरून चालणं

पॉकेटचंच बघा, वाचायला म्हणून शेकडो लेख साठवलेत असं लोकांना वाटत होतं आणि एक्सपोर्टमधे आल्या त्या लिंक्स आणि शीर्षकं, लेखातला मजकूर नाही, मूळ साईट बंद पडलेली असेल तर संपलंच. नोशन या नोट्स आणि तक्त्यांच्या अ‍ॅपमधून पानं मार्कडाऊनमधे (साध्या मजकुराची फाईल) आणि डेटाबेस सीएसव्हीमधे (तक्त्याची साधी फाईल) निघतात, अक्षरं येतात पण तुम्ही एवढ्या प्रेमाने लावलेले व्ह्यू, फिल्टर, एका टेबलचा दुसऱ्याशी जोडलेला संबंध हे चालू स्थितीत येत नाही. गूगल कीपचं टेकआउटमधून, म्हणजे गूगलच्या डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून निघतं, प्रत्येक नोटची एक एचटीएमएल आणि एक जेसन (प्रोग्रॅमला वाचता येणारी) फाईल. एव्हरनोटचं ईनेक्स (त्यांचीच खास फाईल) निघतं, ते जॉप्लिन आणि ऑब्सिडियन या दोन्ही नोट्सच्या अ‍ॅपमधे आयात होतं, पण एक्सपोर्ट कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमधून करा, आणि नोटमधला एनक्रिप्ट केलेला (पासवर्डने कुलूपबंद) मजकूर आधी उघडून ठेवा, नाहीतर तो बंदच्या बंद तसाच पुढे जातो.

पीडीएफ काढून ठेवली की झालं असं समजू नका. देवनागरी पीडीएफमधून कॉपी केली की बऱ्याचदा वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ वाचायला ठीक आहे, पुन्हा कुठे भरायला नाही.

सर्चमधे सापडत नाही म्हणून अ‍ॅपला दोष देणं

हे मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट वाचा, कारण याच एका कारणावरून बरेच जण अ‍ॅप सोडतात. ‘दुसऱ्या’, ‘पुण्याच्या वाऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला अर्धा र दोन पद्धतीने टाईप होतो, काही कीबोर्ड त्यासाठी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ वापरतात, काही साधा र घेऊन मधे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही सेम दिसतं, डोळे फाडून बघितलं तरी फरक कळत नाही, पण सर्चच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असू शकतात. फोनवर लिहिलेली नोट लॅपटॉपवर शोधली की सापडत नाही ती अशी. अ‍ॅप बदलून हे सुटणार नाही कारण तीच अक्षरं तिकडेही जाणार. नुसतं ‘दुस’ टाकून शोधा, नोट आली तर गडबड इथेच आहे, मग दोन्हीकडे एकच कीबोर्ड ठेवा.

एक्सपोर्ट काढल्यावर अडकलात तर

विंडोजवर झिप उघडताना ‘पाथ टू लाँग’ आलं तर डेटा खराब झालेला नसतो, २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येते. नोशनच्या फाईलनावांना मागे लांबलचक कोड चिकटलेला असतो आणि पानात पान असेल तर फोल्डरात फोल्डर होत जातं. झिप थेट सी ड्राईव्हवर एखाद्या दोन अक्षरी फोल्डरमधे नेऊन तिथे उघडा.

अँड्रॉइडवर आणि लिनक्सवर फाईलचं नाव २५५ बाईटपर्यंतच चालतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाईट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते, म्हणजे साधारण ८५ चिन्हांत खेळ संपतो. नोटचं शीर्षक म्हणून अख्खं वाक्य लिहायची सवय असेल तर हलवण्याआधी ती शीर्षकं छोटी करा.

सीएसव्ही एक्सेलमधे डबल क्लिक केली आणि मराठीच्या जागी कचरा दिसला तर सेव्ह करू नका! बंद करा, एक्सेलच्या डेटा टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही आयात करा आणि यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी पद्धत) निवडा.

सगळं एकदम हलवणं

तुमच्या सगळ्यात किचकट वीसेक नोट्स निवडा, फोटोवाली, चेकलिस्टवाली, टेबलवाली, कुलूप लावलेली, आणि तेवढ्याच आधी नव्या अ‍ॅपमधे नेऊन रोजच्या कामाला वापरा. ऑब्सिडियनचं मला आवडतं ते हे की नोट्स साध्या मार्कडाऊन फाईली म्हणून तुमच्याच फोल्डरमधे राहतात, उद्या तेही सोडायचं झालं तर एक्सपोर्टची कटकटच नाही, पण फोन आणि लॅपटॉपमधलं सिंक तुम्हाला लावावं लागतं, नाहीतर त्यांच्या सिंकचे पैसे भरायचे. असली खटपट ज्यांना नको त्यांनी कीपमधे राहावं, काही बिघडत नाही.

आणि जुनं अ‍ॅप फोनमधून उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमधे सबस्क्रिप्शन्समधे जाऊन ते वेगळं रद्द करा, थेट वेबसाईटवर भरलं असेल तर तिथे, आणि यूपीआय ऑटोपे लावला असेल तर यूपीआय अ‍ॅपमधला मँडेटही (आपोआप पैसे कापायची परवानगी) बघा. अकाउंट मात्र इतक्यात डिलीट करू नका, निदान नव्या जागी जुन्या नोट्स दोन-चारदा शोधून सापडेपर्यंत तरी.