पदवीचा अभ्यास सांभाळून गाण्याची तालीम कशी चालू ठेवावी

शाळेपासून शास्त्रीय गायन शिकत असलेल्या विद्यार्थ्याने पदवीला प्रवेश घेतल्यावर आधी दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा, साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात, आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षाही त्याच सुमारास येतात. या परीक्षांच्या ‘मध्यमा’ या मधल्या टप्प्यापर्यंत ही ओढाताण निभावते, त्यापुढच्या ‘विशारद’ला मात्र लेखी पेपरांबरोबर विस्ताराने मांडायचे राग आणि मंचप्रदर्शनही असल्यामुळे ‘विशारद पूर्ण’ (विशारदचा शेवटचा भाग) आणि पदवीचे शेवटचे वर्ष एकाच सत्रात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षा सहा महिने पुढे ढकलल्याने गळ्याचे काही बिघडत नाही.

रियाजाची वेळ थोडी असली तरी चालेल, पण ती रोजची आणि ठरलेली असावी. वसतिगृहात सूर लावणे शेजाऱ्यांना मानवत नसेल, तर सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांची लेखी परवानगी घेऊन पहिल्या तासाआधी महाविद्यालयातली एखादी रिकामी खोली मागावी आणि किल्लीसाठी शिपाईमामांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे. तेवढ्या वेळात खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) आणि ठरावीक पलटे (स्वरांच्या क्रमवार रचना) व्हावेत. नवी बंदिश पाठ करणे, हातावर ताल धरून मात्रा मोजणे, तबला शिकणाऱ्यांची पढंत (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणे), ही कामे लोकलमध्ये किंवा बसमध्येही होतात.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवातल्या गायन स्पर्धेची तयारी म्हणजे रियाज नव्हे, हे मात्र आधीच समजून घ्यावे. तिथे ठरलेल्या मोजक्या मिनिटांत राग मांडायचा असतो, त्यामुळे सगळी मेहनत त्या एका मांडणीवर खर्च होते आणि गुरूंनी दिलेला धडा मागे पडतो. समूहगानात खरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ कुठल्या उंचीवर धरायचा याची येते. मुलांना काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) सोयीची आणि मुलींना काळी चार किंवा पाच. मधली पट्टी घेतली की मुलांचा तार (वरचा) सप्तक ताणतो आणि मुलींचा मंद्र (खालचा) ऐकूच येत नाही. अशा वेळी चाल बांधतानाच मुखडा (गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ) सर्वांना झेपेल अशा स्वरांत ठेवावा आणि वरचे अंतरे मुलींकडे, खालचे मुलांकडे द्यावेत. (काळी एकचा पंचम, म्हणजे ‘प’, म्हणजेच काळी चार, ही सोय संगीतकाराच्या लक्षात असली तर निम्मे काम होते.) हार्मोनियमवाल्याला पहिल्याच तालमीला बोलवावे, पट्टी शेवटच्या आठवड्यात बदलली की सगळे गाणे पुन्हा बसवावे लागते.

तालमींसाठी बुडणाऱ्या तासांचे पत्र तालीम सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडे द्यावे आणि त्याची सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण सत्राच्या शेवटी हजेरीची यादी लागते तेव्हा तोंडी परवानगी कोणाला आठवत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिके सहसा चुकवू नयेत. व्याख्यानाच्या टिपणवह्या मित्रांकडून मिळतात, पण प्रयोगशाळेतली निरीक्षणे स्वतःच नोंदवावी लागतात, आणि जर्नल पूर्ण नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसणे अवघड होते.