पेज लॉक करायची तयारी: बुटीबोरीला निघण्याआधी

परसोडीच्या आयटी पार्कातून बुटीबोरी एमआयडीसीत जायचं म्हणजे वर्धा रोडवरच सकाळ जाते. मशीनशेजारी उभं राहून लिमिट शोधत बसणं टाळायचं असेल, तर हे सगळं ऑफिसातच, तसल्याच बॉक्सवर उरकून घ्या. पेज लॉक म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा (पेज) कर्नलने रॅममधून काढू नये म्हणून तिथेच अडकवून ठेवणं; एका प्रोसेसला किती लॉक करता येतं त्याला लिमिट असतं. पुढचं सगळं लिनक्स धरून आहे.

पहिल्यांदा ठरवा, लॉक कशासाठी? मशीनचा एक मिलिसेकंदाचा फेरा चुकू नये म्हणून, की पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या की (गुप्त किल्ल्या) स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेत, उतरू नयेत म्हणून? पहिल्यासाठी अख्खी प्रोसेस एमलॉकऑलने लॉक करतात, दुसऱ्यासाठी एमलॉकने मोजकी पेजं. ‘स्वॅपच बंद ठेवलाय, मग लॉक कशाला’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण प्रोग्रामचा कोड फाइलीतून आलेला असतो. मेमरी कमी पडली की कर्नल तीच पेजं आधी सोडून देतो आणि गरज पडली की डिस्कवरून पुन्हा वाचतो. स्वॅप नसला तरी हे चुकत नाही.

मग हिशेब. पेज केवढं आहे ते गेटकॉन्फ पेजसाइझने बघा. इंटेलवर ४०९६ बाइट, काही एआरएम बोर्डांवर १६ किंवा ६४ केबी. लॉक कायम अख्ख्या पेजचा होतो. ३२ बाइटची की दोन पेजांच्या सीमेवर पडली तर ८ केबी लॉक होतात. उलटा फटका जास्त वाईट: लॉक मोजले जात नाहीत. एकाच पेजवर दोन की असतील, दोघींसाठी दोनदा एमलॉक केलं असेल, तरी एकीसाठी केलेल्या एकाच एमअनलॉकने दुसरीही उघडी पडते. म्हणून प्रत्येक कीला पेजच्या सीमेवरून सुरू होणारी स्वतंत्र जागा द्या.

एमलॉकऑल वापरणार असाल तर आरएसएस (सध्या खरोखर रॅममध्ये असलेला भाग) बघून लिमिट ठरवू नका. चालू मॅपिंग लॉक करताना कर्नल प्रोसेसची पूर्ण व्हर्च्युअल साइझ (रॅममध्ये न आलेली धरून सगळी जागा) लिमिटशी ताडून बघतो. ती मोठी निघाली की ‘एनोमेम’ ही मेमरी न मिळाल्याची एरर. त्यात थ्रेडचे (एकाच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांचे) स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या लोकल डेटाच्या जागा, येतात आणि इथेच बहुतेकांचं गणित फसतं. ग्लिबसीत (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) थ्रेडचा स्टॅक साधारणपणे ८ एमबीचा असतो. पुढच्या मॅपिंगसकट लॉक लावलं की तो वापरा न वापरा, पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये बसतो. सहा थ्रेड म्हणजे ४८ एमबी नुसते स्टॅकचे. थ्रेड बनवतानाच ॲट्रिब्यूटमध्ये २५६ केबी द्या, तेच काम दीड एमबीत होतं. लिमिट अपुरं असेल तर थ्रेड बनतच नाही, ‘ईअगेन’ ही एरर येते, आणि बघणारा भलतीकडेच थ्रेडची संख्या मोजत बसतो.

लिमिटचा आकडा बदलताना एकक दोनदा वाचा. यूलिमिट -एल केबीत दाखवतं, लिमिट्स डॉट कॉन्फमधला मेमलॉकही केबीत. सिस्टमडीच्या (बूट होताना सर्व्हिस उठवणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिट फाइलीतला लिमिटमेमलॉक मात्र पुढे अक्षर नसेल तर बाइटमध्ये. तिथे ६५५३६ लिहून ६४ एमबी मिळाले असं समजू नका, मिळतात ६४ केबी. सरळ ६४एम लिहावं. शिवाय लिमिट्स डॉट कॉन्फ लॉगिन करणाऱ्याला लागू होतो, सिस्टमडीने उठवलेल्या सर्व्हिसला नाही. टर्मिनलवर चालतं आणि रीबूटनंतर पडतं, त्याचं कारण बहुधा हेच. जुन्या कर्नलवर मूळ लिमिट ६४ केबी, ५.१६ पासून ८ एमबी. आयपीसी-लॉकची कॅपेबिलिटी (खास परवानगी) दिली तर लिमिट लागतच नाही. पण ती फाइलीवर सेटकॅपने दिली असेल तर नवा बिल्ड कॉपी केला की जाते. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्येच सेटकॅपची ओळ घाला.

मेमरी मागणारं फंक्शन मॅलॉक म्हणजे गणेशपेठेच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. सीट धरली, पण बसलं कोणी नाही. पेज हात लागेपर्यंत रॅममध्ये येत नाही. एमलॉक तिथे बसवून देतं, पण मुख्य थ्रेडचा स्टॅक लॉकच्या वेळी जेवढा असेल तेवढाच. म्हणून सुरुवातीला ६४ केबीचा लोकल ॲरे घेणारं एक फंक्शन चालवा, प्रत्येक पेजला एक बाइट लिहा आणि ॲरे व्होलाटाइल ठेवा. नाहीतर कंपायलर ते फंक्शन बिनकामाचं समजून उडवून टाकतो. मॅलॉकच्या सेटिंग बदलणाऱ्या मॅलॉप्टने ट्रिम थ्रेशोल्ड उणे एक आणि एममॅपची कमाल संख्या शून्य करा, म्हणजे फ्री केलेली मेमरी कर्नलकडे परत जाणार नाही.

क्रम चुकवू नका. फोर्कने (प्रोसेसची नक्कल काढून) बनलेल्या प्रोसेसला लॉक मिळत नाही आणि एक्झेकनंतर (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवल्यावर) तो राहत नाही. जुन्या पद्धतीने डीमन (पार्श्वभूमीत चालणारी प्रोसेस) बनवणारा प्रोग्राम आधी लॉक करून मग फोर्क करत असेल, तर लॉक मेलेल्या पालकाबरोबर गेला. तक्रार कुठेच उमटत नाही.

की लपवायची असेल तर आणखी एक. मे महिन्यात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि बॉक्स हायबरनेट झाला (रॅम डिस्कवर लिहून बंद झाला), तर लॉक केलेली पेजंही डिस्कवर लिहिली जातात. एमलॉकचा तिथे उपयोग नाही. हायबरनेशन बंद करा किंवा स्वॅप एन्क्रिप्ट करा. कोअर डंपमध्येही (प्रोग्राम कोसळल्यावर लिहिल्या जाणाऱ्या मेमरीच्या फाइलीत) की जाते; त्यासाठी एमॲडव्हाइझचा डोंटडंप लावा.

निघण्याआधी बॉक्स रीबूट करा आणि सर्व्हिसला आपोआप उठू द्या. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीत व्हीएमएलसीकेची ओळ बघा: शून्य असेल तर लॉक लागलेलंच नाही. मग एखाद्या मोठ्या कॉपीने रॅम भरा आणि पीएसमध्ये मेजर फॉल्टचा (पेज डिस्कवरून आणावं लागलं त्याचा) आकडा तासभर बघा, एकाने जरी वाढला तरी थांबा. मायनर (डिस्कला न जाता भागलेले) वाढत असतील तर कर्नल कॉम्पॅक्शनसाठी (रॅममधली मोकळी जागा एकत्र करायला) लॉक पेजं रॅममध्येच इकडची तिकडे करतो आहे का बघा. कॉम्पॅक्ट-अनइव्हिक्टेबल-अलाउड शून्य केलं की ते थांबतं. ही सेटिंग सिससीटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलीत लिहा, नुसती टर्मिनलवर देऊ नका.